ड्रॅगन बॉल फायटर्झ : खेळपद्धती आणि खेळप्रकार

ड्रॅगन बॉल फायटर्झ हा तीन विरुद्ध तीन पात्रांच्या लढतीचा जपानी फायटिंग गेम आहे. आर्क सिस्टम वर्क्सने तो तयार केला आणि बंदाई नामकोने जानेवारी २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व पीसीवर आणला. त्याच वर्षी सप्टेंबरात तो निन्टेन्डो स्विचवर आला. आकिरा तोरियामा यांची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) १९८४ ते १९९५ या काळात शोनेन जंप साप्ताहिकात क्रमशः छापली गेली. तिच्यावरच्या अ‍ॅनिमेमधली (जपानी कार्टून मालिकेतली) पात्रे गेममध्ये जशीच्या तशी उतरली आहेत. गेम अनरिअल इंजिन ४ वर चालतो आणि मॉडेल त्रिमितीय आहेत, पण छटा, रेषा आणि हालचालींचे टप्पे असे बेतले आहेत की पडद्यावर हाताने काढलेले कार्टून चालू असल्यासारखे वाटते. सुरुवातीला पात्रे २४ होती. फेब्रुवारी २०२२ पर्यंत ती ४४ झाली.

मुंबईत या गेमचा प्रेक्षक आधीपासून तयार होता. २००० च्या दशकात कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी पाहून मोठी झालेली पिढी गोकू, वेजिटा आणि फ्रीझा यांना चेहऱ्याने व आवाजाने ओळखते. तासावर पैसे घेणाऱ्या गेमिंग पार्लरमध्ये ज्याने कधी फायटिंग गेम खेळला नाही तोही ‘रिमोट’ हातात घेऊन आधी आपले पात्र शोधतो. गेमची रचना अशा नवख्याला सांभाळून घेणारी आहे.

बटणे आणि वार

मारायची बटणे चार : लाइट, मीडियम, हेवी आणि स्पेशल. शिवाय साथीदारांना बोलवायची दोन असिस्ट बटणे. लाइटनंतर मीडियम, मग हेवी, मग स्पेशल अशी वारांची साखळी प्रत्येक पात्राला जोडता येते. लाइट किंवा मीडियम एकच बटण सतत दाबले तर गेम स्वतःहून ऑटो कॉम्बो (सलग बसणाऱ्या वारांची मालिका) लावतो. त्याचे नुकसान हाताने जोडलेल्या कॉम्बोपेक्षा कमी असते, पण पहिल्या दिवशी तेवढे पुरते.

खास चालींसाठी दिशा खालून पुढे किंवा खालून मागे पाव वर्तुळात फिरवून एक बटण दाबायचे, बस. जुन्या फायटिंग गेममधली झेड आकाराची अवघड इनपुट इथे नाहीत, त्यामुळे एका पात्राची चाल शिकलेला हात दुसऱ्या पात्रावर लगेच चालतो. खास चाल हेवी बटणाने मारली तर तिची तगडी आवृत्ती निघते आणि अर्धा की-बार खर्च होतो (‘की’ म्हणजे पात्राची लढण्याची ऊर्जा).

खाली अधिक हेवी हा वार गाठीशी बांधून ठेवावा. तो समोरच्याला वर उडवतो आणि वार चालू असताना मारणाऱ्याच्या डोक्यावर हवेतून मार लागत नाही. नवख्यांचा पहिला उपयोगी कॉम्बो यातूनच बनतो : खाली-हेवी बसला की सुपर डॅशने त्याच्या मागोमाग उडायचे, हवेत मीडियम, लाइट, लाइट आणि शेवटी हेवीने आपटायचे. हवेतल्या हेवीची जोरदार आपट एका कॉम्बोत एकदाच मिळते. ती सुरुवातीलाच वापरून टाकली की शेवटच्या हेवीनंतर प्रतिस्पर्धी लगेच सावरतो. कॉम्बो ‘मध्येच सुटतो’ अशी तक्रार करणाऱ्यांची चूक बहुतेकदा हीच असते. कॉम्बो जसा लांबतो तसे प्रत्येक वाराचे नुकसान घटत जाते, म्हणून छोटा पण न चुकणारा कॉम्बो आधी पक्का करावा.

सर्वांना सारखी मिळालेली हत्यारे

या गेमचे खरे वैशिष्ट्य इथे आहे. गोकू असो की क्रिलिन, पाच-सहा महत्त्वाच्या चाली सर्व पात्रांना सारख्याच मिळतात.

सुपर डॅश हेवी आणि स्पेशल एकत्र दाबून निघतो. पात्र प्रतिस्पर्ध्याचा माग काढत त्याच्यावर झेपावते आणि वाटेतले साधे की-गोळे भेदून जाते. सुपर चालीचा झोत मात्र त्याला थांबवतो. पार्लरमध्ये सर्वाधिक दुरुपयोग याच चालीचा होतो, कारण ती सोपी आहे आणि दिसायला भारी आहे. तिच्यावरचा उताराही सोपा आहे : समोरचा उडताना दिसला की खाली-हेवी. हे एकदा अंगवळणी पडले की सतत सुपर डॅश मारणारा खेळाडू स्वतःच आपले आयुष्य वाटत सुटतो.

ड्रॅगन रश म्हणजे लाइट अधिक मीडियम. ही पकड आहे, त्यामुळे गार्ड धरून (वार अडवत) बसलेल्यालाही लागते. सोडवायची तर ती पोचण्याच्या क्षणी आपणही हीच जोडी दाबायची, किंवा ती येताना दिसली की उडी मारायची. पकड बसली आणि त्यादरम्यान असिस्ट बटण दाबले, तर प्रतिस्पर्ध्याचे मैदानातले पात्र बाहेर जाते आणि राखीव पात्र आत ओढले जाते. बाकावर आयुष्य भरून घेत बसलेल्या जखमी पात्राला असे मैदानात ओढणे हा डाव फिरवणारा निर्णय ठरू शकतो.

व्हॅनिश मीडियम अधिक हेवीने होते आणि एक बार खाते. पात्र अदृश्य होऊन प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे प्रकटते व वार करते. कॉम्बो वाढवण्यासाठी ती फार चांगली आहे. घाबरून सुटकेसाठी मारली की बार वाया जातो.

मागे अधिक स्पेशल म्हणजे रिफ्लेक्ट. वेळ जमली तर मारणारा मागे ढकलला जातो आणि त्याचा दबाव तुटतो. पण रिफ्लेक्ट पकडीवर चालत नाही. जो प्रत्येक वेळी रिफ्लेक्टच करतो त्याला चांगला खेळाडू क्षणभर थांबून ड्रॅगन रशने उचलतो.

की-बार

दोन्ही बाजूंना खाली की-मापक असतो आणि तो जास्तीत जास्त सात बारपर्यंत भरतो. वार केल्याने, मार खाल्ल्याने आणि लाइट-स्पेशल दाबून धरून की चार्ज केल्यानेही तो वाढतो. चार्ज करताना पात्र उघडे पडते, म्हणून प्रतिस्पर्धी दूर लोळत असेल तेव्हाच ते करावे.

पहिल्या पातळीची सुपर चाल एक बार घेते, तिसऱ्या पातळीची तीन. एका पात्राची सुपर चालू असताना असिस्ट बटण दाबले तर दुसरे पात्र येऊन आपली सुपर जोडते आणि आणखी बार जातो. तिन्ही पात्रांच्या सुपर अशा रांगेत लागल्या की बघणारे ओरडतात, आणि ओरडण्यासारखेच ते असते. हिशेब मात्र थंड डोक्याने करावा. सगळे बार एका पात्राला संपवण्यात घातले आणि ते किंचित आयुष्यावर वाचले, तर पुढच्या दबावात सुटकेलाही बार उरत नाही. निदान एक बार गार्ड कॅन्सलसाठी राखावा : गार्ड धरलेला असताना पुढे अधिक असिस्ट दाबले की एक बार देऊन साथीदार वार करत आत येतो आणि मार खाणारा बाहेर जातो.

संघ, असिस्ट आणि निळे आयुष्य

असिस्ट बटण नुसते दाबले तर साथीदार येऊन एक वार करून जातो, दाबून धरले तर तो मैदानात उतरतो आणि आधीचा बाहेर जातो. एकदा बोलावल्यावर असिस्ट पुन्हा भरेपर्यंत थांबावे लागते. सन २०२० मध्ये आलेल्या गेमच्या तिसऱ्या सीझनपासून प्रत्येक पात्रासाठी अ, ब, क अशा तीन असिस्टपैकी एक निवडता येतो, आणि त्यामुळे संघ बांधण्याचे गणितच बदलले. पहिल्या जागेवर दबाव टाकणारा, मधे भरवशाचा असिस्ट असलेला आणि शेवटी एकट्याने बार वापरून सामना फिरवू शकणारा ही क्रमवारी बहुतेकांना जमते. तिघांमध्ये निदान एका असिस्टने समोरच्याला गार्डमध्ये पुरेसा वेळ अडकवून ठेवायला हवे. नाहीतर आपला दबाव दोन वारांत संपतो.

मार बसल्यावर आयुष्याचा काही भाग निळा राहतो. ते पात्र बाकावर गेले की तो हळूहळू परत भरतो. म्हणून जखमी पात्राला वेळेत बाहेर काढणे हे कॉम्बोइतकेच मोठे कौशल्य आहे, आणि पार्लरमध्ये सर्वात दुर्लक्षितही. आवडते पात्र शेवटपर्यंत लढवायचा हट्ट धरणारे नेमके तेच पात्र आधी गमावतात.

स्पार्किंग ब्लास्ट चारही मारायची बटणे एकत्र दाबून होतो, सामन्यात एकदाच. त्यात नुकसान वाढते, मैदानातल्या पात्राचे निळे आयुष्य भरू लागते आणि एरवी न जुळणारे वार जुळतात. जितकी कमी पात्रे शिल्लक तितका तो जास्त वेळ टिकतो. म्हणून तो शेवटच्या पात्रासाठी राखण्याची सवय पडते. तरीही प्रतिस्पर्ध्याचे पहिले पात्र त्याने नक्की संपणार असेल, तर लवकर वापरलेला स्पार्किंगही योग्यच.

शेनरॉन आणि नाट्यमय शेवट

कॉम्बोतल्या वारांच्या संख्येनुसार ड्रॅगन बॉल जमा होतात. हे सात गोळे दोघांत सामाईक असतात, त्यामुळे एकाने जमवलेल्यांचा लाभ दुसराही घेऊ शकतो. सातही जमले, आपल्याकडे सात बार असले आणि लाइटचा ऑटो कॉम्बो पूर्ण बसला की शेनरॉन हा इच्छा पूर्ण करणारा ड्रॅगन प्रकटतो आणि एक इच्छा मागता येते : आयुष्य भरून मिळावे, पडलेला साथीदार उठावा, स्पार्किंग परत मिळावा किंवा आयुष्य सतत थोडे थोडे भरत राहावे. बहुतेकजण साथीदार मागतात, कबड्डीत बाद झालेला गडी परत आत घेतात तसे. अनुभवी खेळाडूंच्या सामन्यात शेनरॉन क्वचित दिसतो, कारण तिथे बार सातपर्यंत साठूच देत नाहीत.

ठरावीक जोडी ठरावीक मैदानावर असेल आणि शेवटचा वार हेवीचा असेल, तर मालिकेतला प्रसंग जसाच्या तसा घडतो. उद्ध्वस्त नामेक ग्रहावर सुपर सैयन (सोनेरी केसांच्या, जास्त ताकदीच्या रूपातल्या) गोकूने फ्रीझाला असे संपवले की लहानपणी टीव्हीवर पाहिलेला तो क्षण पुन्हा समोर येतो.

खेळप्रकार

स्टोरी मोडमध्ये तीन पर्वे आहेत आणि कथा अँड्रॉइड २१ भोवती फिरते. हे पात्र या गेमसाठी तोरियामा यांच्या सहभागाने नव्याने घडवले गेले. नकाशावर ठरावीक चालींत शत्रूपर्यंत पोचायचे असते. संवाद छान आहेत, पण त्याच त्या क्लोनशी पुन्हा पुन्हा होणाऱ्या लढती कंटाळवाण्या होतात. आर्केडमध्ये तीन, पाच आणि सात लढतींचे मार्ग आहेत. शेवटचा मार्ग कठीण पातळीवर खरोखर कठीण आहे. लोकल बॅटलमध्ये दोघे एकाच पडद्यावर खेळतात. पार्लरचा सगळा व्यवहार याच मोडवर चालतो.

शिकायचे असेल तर आधी कॉम्बो चॅलेंज करावेत, प्रत्येक पात्राला दहा आहेत. मग प्रॅक्टिस मोडमध्ये डमीचे गार्ड ‘पहिल्या वारानंतर’ वर ठेवावे. असे केले की कॉम्बोत जिथे फट आहे तिथे डमी गार्ड धरतो आणि आपली चूक लगेच दिसते. त्यानंतर डमीला सुपर डॅश रेकॉर्ड करून द्यावा आणि मधेमधे येणाऱ्या त्या झेपेवर खाली-हेवीचा सराव करावा. हे दोन सराव पक्के होईपर्यंत तिसरे काही करू नये.

ऑनलाइन लॉबीत ६४ जणांपर्यंत खेळाडू एकत्र येतात. रँक्ड, कॅज्युअल आणि मित्रांपुरता रिंग मॅच असे प्रकार आहेत. मुंबईच्या खेळाडूंसाठी इथे नेटवर्कचा प्रश्न निर्णायक ठरतो. गेम सेकंदाला ६० फ्रेम चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. मुंबई ते सिंगापूर जाऊन-येऊन सुमारे ६० मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका बाजूने सुमारे दोन फ्रेम. सुरुवातीची पद्धत डिलेची होती : समोरच्याचे बटण पोचेपर्यंत दोन्हीकडचा खेळ थांबून राहायचा, आणि ड्रॅगन रश सोडवायची वेळ हमखास चुकायची. प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसी आवृत्तीला २०२४ मध्ये रोलबॅक मिळाले. त्यात गेम समोरच्याच्या बटणाचा अंदाज बांधून पुढे चालतो आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करतो. त्यामुळे हाताला जाणवणारा उशीर स्थिर राहतो. प्लेस्टेशन ४ आणि स्विचवर जुनीच पद्धत आहे.

रोलबॅक असले तरी वायफायवर खेळू नये. एकाच मजल्यावर डझनभर राउटर असलेल्या इमारतीत सरासरी पिंग (सिग्नल जाऊन-येऊन लागणारा वेळ) चांगला दिसतो, पण तो मधेच उसळतो आणि पात्र एका जागेवरून दुसरीकडे उडी मारल्यासारखे दिसते. राउटरपासून कन्सोलपर्यंत लॅन केबल टाकणे हा सर्वात स्वस्त उपाय.

साधने

बहुतेकजण साध्या पॅडवर खेळतात आणि तो पुरतो. लॅमिंग्टन रोडवर जुना पॅड घेताना डी-पॅडच्या (दिशांच्या बटणांच्या) चारही तिरप्या दिशा तिथेच प्रॅक्टिस मोडमध्ये तपासाव्यात. पाव वर्तुळातली खाली-पुढे ही तिरपी दिशा गेली की सुपरऐवजी नुसता वार निघतो. स्वस्त कीबोर्डवर तीन-चार कळा एकदम दाबल्या तर एखादी नोंदलीच जात नाही, त्यामुळे स्पार्किंग फसतो. त्यासाठी सेटिंगमध्ये बटणांच्या जोड्या स्वतंत्र कळांवर बसवाव्यात. टीव्हीवर खेळताना गेम मोड चालू करावा, नाहीतर चित्र सजवण्यात टीव्ही जो वेळ खातो त्यात रिफ्लेक्ट उशिरा पोचतो.

स्पर्धांमध्ये २०१८ च्या लास व्हेगासमधल्या ईव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत अमेरिकेचा सॉनिकफॉक्स जपानच्या गोइचीला हरवून जिंकला, आणि पुढच्याच वर्षी गोइचीने त्याच मंचावर त्याची परतफेड केली. या दोन्ही अंतिम लढतींचे व्हिडिओ पाहताना नजर कॉम्बोवर न ठेवता खालच्या की-बारवर ठेवावी. कोण कधी बार खर्च करतो आणि कधी हात आखडता घेतो, हे तिथे स्पष्ट दिसते.