बुडत्या मोटार कंपनीला करदाता जामीन राहतो तेव्हा

२००८ च्या अखेरीपासून अमेरिकेच्या अर्थखात्याने जनरल मोटर्स, क्रायस्लर आणि त्यांच्या वाहनकर्ज देणाऱ्या कंपन्यांना मिळून सुमारे ८० अब्ज डॉलर दिले. त्यांपैकी ७० अब्जांहून थोडे अधिक परत आले आणि ९.३ अब्जांच्या आसपास तोटा करदात्यांच्या माथी बसला, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येने भागल्यास माणशी सुमारे ३० डॉलर. हा हिशेब खोटा नाही. पण तो रोकडवहीचा हिशेब आहे आणि रोकडवहीत जोखमीसाठी रकाना नसतो.

ठाण्यातल्या एखाद्या पतपेढीत पुतण्याच्या कर्जाला जामीन राहिलेल्या काकांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. पुतण्याने सगळे हप्ते वेळेवर फेडले, तर काकांच्या खिशातून पैसा जात नाही. तरीही कर्ज फिटेपर्यंत त्यांची स्वतःची पत अडकलेली असते आणि हेच काम एखाद्या परक्याने मोबदला घेतल्याशिवाय केले नसते. तो न घेतलेला मोबदला हाच जामीनकीचा खर्च. सरकारी मदतीचे मूल्य अर्थशास्त्रज्ञ याच रीतीने काढतात: तेवढ्याच जोखमीचे कर्ज खासगी बाजाराने किती व्याजाने दिले असते ते ठरवायचे आणि सरकारने लावलेला दर त्याहून किती कमी आहे ते पाहायचे. या पद्धतीने मोजल्यास पूर्ण फिटलेले कर्जही फुकट ठरत नाही.

क्रायस्लरचे आधीचे प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. जानेवारी १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कंपनीच्या दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमी देणाऱ्या कायद्यावर सही केली. कंपनीने त्यातले १.२ अब्ज उचलले आणि १९८३ मध्ये, मुदतीच्या सात वर्षे आधी, फेडून टाकले. मात्र हमी देताना सरकारने एक शहाणपणा केला होता: क्रायस्लरचे १ कोटी ४४ लाख शेअर प्रत्येकी १३ डॉलरला विकत घेण्याचा हक्क आपल्याकडे ठेवला होता. कंपनी सावरली, शेअर वधारला, तेव्हा अध्यक्ष ली आयकोका यांनी सरकारने हा हक्क सोडून द्यावा अशी खटपट केली. सरकारने तो लिलावात काढला आणि अखेर क्रायस्लरलाच सुमारे ३१ कोटी डॉलर मोजून तो परत घ्यावा लागला. जोखमीचा मोबदला आधीच लिहून घेतला, तर तो असा वसूल होतो.

जनरल मोटर्सच्या बाबतीत कर्जाचा बराच भाग शेअरमध्ये बदलला गेला आणि सरकार जवळपास ६१ टक्क्यांचे मालक झाले. एप्रिल २०१० मध्ये ‘सरकारी कर्ज व्याजासह, मुदतीपूर्वी फेडले’ अशी जाहिरात कंपनीने झळकावली. फेडलेले कर्ज साऱ्या मदतीचा लहानसा हिस्सा होते आणि ते फेडण्यासाठी वापरलेला पैसाही सरकारनेच राखीव खात्यात ठेवलेला होता. खरा प्रश्न शेअरच्या भावाचा होता. डिसेंबर २०१३ मध्ये सरकारने शेवटचा शेअर विकला, तेव्हा जनरल मोटर्सला दिलेल्या ४९.५ अब्जांपैकी सुमारे ३९ अब्जच हाती आले होते.

मदत दिलीच नसती तर काय झाले असते, हे मोजणे त्याहून कठीण आहे. वागळे इस्टेटमधला जो कारखानदार तीन मोटार कंपन्यांना सुटे भाग पुरवतो, त्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने बिले थकवली, की स्टीलवाल्याचे देणे अडते, पगार लांबतो आणि उरलेल्या दोघांचा मालही वेळेवर निघत नाही. फोर्डने स्वतः मदत न घेताही प्रतिस्पर्ध्यांना मदत मिळावी म्हणून अमेरिकी संसदेत बाजू मांडली, ती याच कारणाने. पुरवठादार सामाईक होते. त्यातच बेकारभत्ता, बुडालेला आयकर आणि सरकारी विमा संस्थेवर येऊन पडणारी निवृत्तिवेतने ही देणी मदत नाकारूनही सरकारलाच आली असती. त्यामुळे ९.३ अब्जांचा आकडा एका बाजूने कमी आणि दुसऱ्या बाजूने जास्त आहे. २००९ मध्ये मदत नाकारणे स्वस्त पडले असते असे मला वाटत नाही. मात्र मदतीचा भाव नीट ठरवला गेला असेही म्हणवत नाही.

एक खर्च तर या आकड्यात धरलेलाच नाही. कंपनीची मालकी बदलली, की जुना तोटा पुढच्या नफ्यातून वजा करून कर वाचवण्यावर अमेरिकी कायदा कडक मर्यादा घालतो. सरकारने स्वतः केलेली शेअरखरेदी मात्र मालकीबदल मानायची नाही, असे तिथल्या करखात्याने ठरवले आणि नव्या जनरल मोटर्सला जुन्या कंपनीचे अब्जावधींचे तोटे वापरता आले. न आलेला कर सरकारी मदतीच्या खात्यात नोंदला जात नाही.

आपल्याकडेही करातून मिळणाऱ्या अशा मदतीचे सौम्य रूप आहे. महाराष्ट्राच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत मोठ्या वाहन प्रकल्पांना राज्याच्या वाट्याचा विक्रीवरील कर ठरावीक वर्षे परत मिळू शकतो. घोडबंदर रोडवरच्या शोरूममध्ये अशा प्रकल्पातली गाडी घेणारा ग्राहक बिलात राज्याचा जीएसटी भरतो. त्यातला किती कंपनीकडे परत जातो, हे त्या बिलावर लिहिलेले नसते.