1774 चा निकाल आणि इंग्रजी कवींची किंमत : पार्श्वभूमी

यादवी युद्ध, राजसत्तेचे पुनरागमन, फ्रेंच राज्यक्रांती यांचे पडसाद इंग्रजी कवितेत कसे उमटले, याची चर्चा भरपूर होते. कोणते कवी सामान्य वाचकाच्या हातात पडले आणि कोणते पडले नाहीत, हा प्रश्न मात्र मागे राहतो. त्याचे उत्तर बरेचसे कॉपीराइटच्या, म्हणजे पुस्तक छापण्याचा हक्क कोणाला आणि किती काळ हे ठरवणाऱ्या कायद्याच्या इतिहासात आहे, आणि त्यात 1774 चा निकाल कळीचा आहे.

छपाईपूर्वी परवाना घेण्याचा कायदा 1695 मध्ये संपला, कारण संसदेने त्याची मुदत वाढवली नाही. कनिष्ठ सभागृहाने त्यासाठी दिलेली कारणे बहुतांशी व्यवहारी होती: मक्तेदारी, घरझडत्या, जकातीवर अडकून पडणारी परदेशी पुस्तके. विचारस्वातंत्र्याचा युक्तिवाद त्यांत जवळजवळ नाही. परवान्याबरोबर लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांच्या (तेव्हाचे प्रकाशक हेच) मक्त्याचा आधारही गेला आणि पंधरा वर्षे त्यांनी नव्या कायद्याचा तगादा लावला.

त्यांना मिळाला तो 1710 चा कायदा. नव्या पुस्तकाला 14 वर्षे संरक्षण, लेखक हयात असल्यास आणखी 14, आणि आधीच छापलेल्या पुस्तकांना 21 वर्षे. छपाईपूर्वी नोंदवहीत नोंद आवश्यक. ठरावीक ग्रंथालयांसाठी नऊ प्रती द्यायच्या. चोरून छापलेल्या दर कागदामागे एक पेनी दंड, अर्धा सरकारजमा आणि अर्धा फिर्यादीला. फिर्याद तीन महिन्यांच्या आत करायची. लेखकाचे नाव कायद्याच्या मजकुरात आले, पण तो आपला हक्क पूर्वीसारखाच एकरकमी विकत राहिला.

जुन्या पुस्तकांची 21 वर्षे 1731 मध्ये भरली. विक्रेत्यांनी संसदेकडे मुदतवाढ मागितली, ती मिळाली नाही. मग त्यांनी चॅन्सरी या इंग्लंडच्या न्यायालयाकडून छपाई थांबवणारे तात्पुरते मनाईहुकूम मिळवायला सुरुवात केली. मूळ दावा निकाली निघायला वर्षे लागत, तोवर स्वस्त आवृत्ती काढणाऱ्याचे भांडवल अडकून पडे, त्यामुळे मनाईहुकूमच पुरेसा ठरे. दरम्यान जुन्या कवींचे हक्क हिश्शांत वाटून, फक्त आमंत्रित विक्रेत्यांपुरत्या लिलावांत विकले जात. जेम्स थॉमसनची ‘द सीझन्स’ ही कविता आणि त्याच कवीच्या आणखी काही रचना यांचे हक्क 505 पौंडांना गेले, तेव्हा कायद्याने दिलेली मुदत उलटून गेली होती. कवीही 1748 मध्येच वारला होता.

या व्यवहाराला वैचारिक पाठबळ होते. स्वतःच्या श्रमातून निर्माण झालेली वस्तू स्वतःची, हे सतराव्या शतकाअखेरचे तत्त्व विक्रेत्यांच्या वकिलांनी बुद्धीच्या श्रमालाही लावले: शेत जसे कायमचे, तशी कविता कायमची. 1769 मध्ये किंग्ज बेंच या इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयाने तीन विरुद्ध एक मतांनी हे मान्य केले. स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 1773 मध्ये नेमके उलट ठरवले. एडिंबरोच्या ज्या विक्रेत्याने तिथे दावा जिंकला, त्याचेच, चॅन्सरीने त्याच्यावर बजावलेल्या मनाईहुकुमाविरुद्धचे अपील पुढे लॉर्डांच्या सभागृहात, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात आले; शेवटचे अपील तेव्हा तिथेच चाले. वादाची कविता पुन्हा ‘द सीझन्स’च होती.

22 फेब्रुवारी 1774 ला सभागृहाने मनाईहुकूम रद्द केला. इथवर वाद नाही. घोळ आहे तो न्यायाधीशांच्या मतांचा. सभागृहाने त्यांना प्रश्न विचारले आणि अकरा जणांनी उत्तरे दिली. परंपरेने चालत आलेल्या कायद्यात लेखकाला हक्क होता का, यावर बहुमत ‘होता’ असे. प्रकाशनानंतर तो टिकतो का, यावरही बहुमत ‘टिकतो’ असेच. 1710 च्या कायद्याने तो काढून घेतला का, हा कळीचा प्रश्न, आणि इथे अधिकृत नोंद सांगते: सहा विरुद्ध पाच, काढून घेतला. पण भाषणांचे जे वृत्तांत उपलब्ध आहेत, त्यांनुसार एका न्यायाधीशाचे मत नोंदीत उलट बाजूला गेलेले दिसते. ते दुरुस्त केले, तर सहा विरुद्ध पाच हे बहुमत कायम हक्काच्या बाजूने जाते. 1769 चा निकाल देणारे सरन्यायाधीश तर मत न देता गप्पच राहिले. शिवाय निर्णय घेतला तो संपूर्ण सभागृहाने, कायद्याचे शिक्षण नसलेल्या सरदारांसह. सभागृहातील मतदानाचा पुढे छापला गेलेला 22 विरुद्ध 11 हा आकडाही अलीकडच्या संशोधनात संशयास्पद ठरला आहे. म्हणून ‘लेखकाला मूळ हक्क कधी नव्हताच असे 1774 मध्ये ठरले’ हे पाठ्यपुस्तकी विधान चुकीचे आहे. ठरले ते एवढेच की मुदत संपल्यावर पुस्तक सर्वांचे.

वाचकांच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा होता. 1777 पासून एका लंडनच्या प्रकाशकाने एडिंबरोत छापून घेतलेली ब्रिटिश कवींची 109 छोटी पुस्तके, प्रत्येकी दीड शिलिंगला, बाजारात आणली. लंडनच्या जुन्या विक्रेत्यांनी उत्तरादाखल स्वतःची मालिका काढली आणि प्रस्तावनांसाठी त्या काळच्या सर्वात नावाजलेल्या कोशकाराला गाठले. 52 कवींची ती चरित्रे (1779-81) इंग्रजी समीक्षेचा पाया मानली जातात. स्पर्धेमुळे मागणी आली नसती, तर ती लिहिली गेली असती का, अशी शंका घ्यायला जागा आहे.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. स्वस्त झाले ते मुदत संपलेले कवी. जिवंत कवी संरक्षणाखाली, म्हणून महाग: वॉल्टर स्कॉटच्या ‘मार्मियन’ या काव्याची 1808 मधील पहिली आवृत्ती 31 शिलिंग 6 पेन्सला होती. 1814 मध्ये मुदत 28 वर्षे किंवा लेखकाचे आयुष्य, यांतली जी जास्त ती, अशी झाली आणि दरी वाढली. क्रांतीच्या काळातील कविता त्यामुळे कामगाराच्या घरी उशिरा पोहोचली, आणि तिथे आधीपासून होते ते आधीच्या शतकातील कवी.

लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत संरक्षण वाढवण्याचे विधेयक 1841 मध्ये पडले. कॉपीराइट म्हणजे लेखकाला बक्षीस देण्यासाठी वाचकांवर बसवलेला कर, असा युक्तिवाद करून त्याला विरोध करणारा सभासद म्हणजे सहा वर्षांपूर्वी भारतातल्या इंग्रजी शिक्षणाची बाजू मांडणारे टिपण लिहिणारा अधिकारी. 1842 मध्ये तडजोड झाली: प्रकाशनापासून 42 वर्षे किंवा मृत्यूनंतर 7 वर्षे, जे जास्त असेल ते. कंपनी सरकारने 1847 मध्ये हिंदुस्थानासाठी केलेल्या कायद्यात हीच मुदत घातली.