‘लाईन’ ऐकताना मेंदूत काय घडते?

ठाणे स्थानकातून वाशी-पनवेलकडे जाणारी गाडी ट्रान्स हार्बर ‘लाईन’वर धावते, स्थानकाबाहेर रिक्षासाठी ‘लाईन’ लावावी लागते, आणि डब्यात जुना ओळखीचा भेटला की “मुलगा कुठल्या लाईनला आहे?” अशी विचारणा होते. (या शेवटच्या प्रश्नाला ‘सेंट्रल’ आणि ‘मेडिकल’ अशी दोन्ही उत्तरे ठाण्यात तरी चालून जातात.)

हे सारे अर्थ एकाच मुळाचे आहेत. लॅटिनमध्ये जवसाच्या झाडाला ‘लिनम’ आणि त्याच्या धाग्याला ‘लिनिया’ म्हणत; ताणलेल्या धाग्यावरून रेघ, रेघेवरून रांग, रूळ आणि पुढे व्यवसायाची वाट, असा हा विस्तार झाला. अशा शब्दांच्या बहुअर्थीपणाला फ्रेंच भाषाभ्यासक मिशेल ब्रेआल यांनी १८९७ साली स्वतंत्र संज्ञा दिली. ‘बॅट’चे प्रकरण निराळे आहे. क्रिकेटची बॅट आणि वटवाघूळ यांचे काहीही नाते नसून दोन वेगळे शब्द इंग्रजीत योगायोगाने सारखे झाले आहेत. हा फरक केवळ कोशकारांचा नाही. जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले की, पडद्यावरील अक्षरे हा खरा शब्द आहे की नाही हे ठरवताना परस्परसंबंधित अर्थांचे शब्द लवकर ओळखले जातात, तर असंबद्ध अर्थांचे शब्द उशिरा, कारण ते अर्थ एकमेकांशी स्पर्धा करतात.

योग्य अर्थ निवडला कसा जातो, याचा सर्वांत देखणा प्रयोग डेव्हिड स्विनी यांनी १९७९ साली प्रसिद्ध केला. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा आणि चोरून ऐकण्याचे यंत्रही. कोळी, झुरळे आणि इतर ‘बग’ खोलीच्या कोपऱ्यात सापडले, अशा आशयाचे वाक्य ऐकवताना तो शब्द संपताक्षणी पडद्यावर एक शब्द दाखवला जाई. संदर्भ उघडउघड किड्यांचा असूनही श्रोते ‘मुंगी’ आणि ‘हेर’ हे दोन्ही शब्द चटकन ओळखत. मात्र तीनच अक्षरे पुढे गेल्यावर तपासले, तर ‘हेर’ मागे पडलेला असे. म्हणजे मेंदू क्षणभर दोन्ही अर्थ जागे करतो आणि नको असलेला अर्थ आपल्या नकळत बाजूला सारतो.

शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त, हे जॉर्ज झिफ यांनी १९४५ सालीच मांडले होते. ‘ऑक्सिजन’ला सहसा एकच अर्थ पुरतो, ‘लाईन’ला पुरत नाही.