मळाचे थेंब, संसर्गाचे थेंब आणि मधला पडदा

"कानाचे ड्रॉप्स द्या."
"कोणते?"
"कानाचेच हो!"

औषधांच्या काउंटरमागे उभा राहून हा संवाद मी इतक्यांदा केलाय की पुढचं सगळं मला आधीच कळतं. घरात कुणाची तरी अर्धी उरलेली बाटली होती, ती दोन दिवस घातली, कान अजून ठणकतोय, म्हणून आता नवी हवी. बाटली कशासाठी होती ते कुणालाच आठवत नसतं. कान एक म्हणजे औषधही एकच, असा हिशेब.

मळाचे थेंब बहुतेकांना माहीत असतात, तेव्हा थोडक्यात. त्यांचं काम मळ मऊ करायचं, बास. कशात सोडियम बायकार्बोनेट असतं, कशात पॅराडायक्लोरोबेंझिन आणि टर्पेंटाइनचं मिश्रण, कुणी नुसतं ऑलिव्ह तेल वापरतं. तीन ते पाच दिवस घालायचे. पहिल्या दिवशी मळ फुगतो आणि कानाला जास्तच दडे बसतात, त्याला घाबरू नका. आणि बड्स घालू नका. मळ आत ठासायला त्याहून सरस हत्यार अजून मी पाहिलेलं नाही.

संसर्गाच्या थेंबांत अँटिबायोटिक असतं, बऱ्याचदा सूज उतरवायला सोबत स्टिरॉइड. बुरशी असेल तर क्लोट्रिमाझोलसारखं वेगळंच औषध लागतं. नुसती खाज सुटली म्हणून उरलेलं अँटिबायोटिक घालत राहिलात, तर जंतू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. मग कानात काळे ठिपके दिसायला लागले की लोक म्हणतात, औषध लागू पडलं नाही.

इथवर फारसं कुणी अडत नाही. घोळ होतो तो पडद्यापाशी.

कानाची बाहेरची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटरची. तिच्या टोकाला पडदा. पडदा धड असेल तर थेंब तिथवरच जातात, पुढे नाही. आता संसर्ग पडद्याच्या अलीकडे, नळीच्या कातडीत असेल, तर पाळी ओढली किंवा कानाच्या तोंडाशी असलेली टोकदार कूर्चा दाबली की कळ येते. इथे थेंबांसारखं औषध नाही, कारण ते नेमके दुखऱ्या जागी पडतात. पण सर्दी झाली, ताप आला, मूल रात्री कान धरून रडत उठलं आणि पाळी ओढून दुखणं काही वाढत नाही, तर संसर्ग बहुधा पडद्यापलीकडे, मधल्या कानात आहे. तिथे बाहेरून अख्खी बाटली ओतली तरी पडद्यावरच थांबणार. अशा वेळी लागतं ते पोटात घ्यायचं वेदनाशामक. अँटिबायोटिक द्यायचं की दोनतीन दिवस वाट बघायची, ते डॉक्टर पडदा बघून ठरवतात. पाळी ओढून बघणं हा अंदाज झाला, निदान नव्हे.

तिसरी शक्यता लोक विसरतात, आणि धोका तिथेच आहे: पडदा फाटलेला. रात्रभर ठणकणारा कान पहाटे एकदम शांत होतो आणि उशीवर पिवळसर डाग दिसतो. घरचे म्हणतात बरं झालं, आणि खरं तर पडदा फुटून पू बाहेर आलेला असतो. दुसरी खूण मी स्वतः अनुभवलीय. कानात थेंब घालून कुशीवर पडलो आणि मिनिटभरात घशात कडू चव. कानातलं औषध तोंडात कसं, म्हणून दचकलो. मधल्या कानातून नाकामागे जाणारी एक नळी असते. औषध भोकातून आत गेलं, तिथून खाली उतरलं. त्या दिवशी मला कळलं, माझ्या पडद्याला भोक आहे.

भोक असेल तर मळाचे थेंब साफ वर्ज्य. टर्पेंटाइन नळीच्या कातडीला चालतं, मधल्या कानाला नाही. संसर्गाच्या थेंबांतही फरक आहेच. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन भोक असलं तरी चालतात. जेंटामायसिन, निओमायसिन मात्र आतल्या कानात पोचले तर ऐकण्याच्या आणि तोल सांभाळणाऱ्या पेशींना मारू शकतात. कधी दिलेच तर तज्ज्ञ कान बघून, मोजक्या दिवसांसाठी देतात. म्हणून "हे ड्रॉप्स सेफ आहेत ना?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, पडदा कुणी पाहिलाय का? कान वाहत असेल तर माझ्याकडून आपल्या मनाने काही नेऊ नका. मधुमेह असेल आणि कान रात्री झोप उडवण्याइतका ठणकत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घालायची रीत सोपी आहे, तरी चुकते. बाटली आधी दोनतीन मिनिटं मुठीत धरा. गार थेंब आत गेले की खोली गरगरते. कुशीवर झोपा. मोठ्यांची पाळी वर आणि मागे ओढायची, तीन वर्षांखालच्या मुलांची खाली आणि मागे. टोक कानाला टेकवू नका. थेंब पडले की ती पुढची कूर्चा चारपाच वेळा हलकेच दाबा आणि पाच मिनिटं तसंच पडून राहा. लगेच उठून कापसाचा बोळा कोंबणाऱ्यांचं औषध कापूस पितो. दोन दिवसांत बरं वाटलं तरी सांगितलेले दिवस पुरे करा, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. बहुतेक बाटल्या चार आठवड्यांनी टाकून द्यायच्या असतात.

डॉक्टरांनी कानासाठी डोळ्यांचे थेंब लिहून दिले तर चिठ्ठी चुकली म्हणून परत येऊ नका, तसं देतात. उलटं मात्र कधीच नाही. कानाचे थेंब डोळ्यांत घालायचे नाहीत.