कॅटरिना चक्रीवादळ : मदत व पुनर्बांधणीवरील सरकारी खर्च

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना हे चक्रीवादळ (अटलांटिकमध्ये याला ‘हरिकेन’ म्हणतात) अमेरिकेच्या लुइझियाना व मिसिसिपी राज्यांच्या किनाऱ्यावर धडकले. न्यू ऑर्लिन्सचे पूररोधक बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. नुकसानीचा अंदाज सुमारे १२५ अब्ज डॉलर होता. हे आणि त्याच मोसमातील रिटा व विल्मा या वादळांसाठी केंद्र सरकारने पुढील काही वर्षांत सुमारे १२० अब्ज डॉलर दिले. मात्र त्यातले सुमारे ७५ अब्ज तातडीच्या मदतकार्यातच गेले. ‘पुनर्बांधणीला १२० अब्ज’ असे जे सर्रास लिहिले जाते, ते म्हणूनच फसवे आहे.

पैसा आला तो आपल्याकडच्या पुरवणी मागण्यांसारख्या मार्गाने. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, २ सप्टेंबरला १०.५ अब्ज आणि ८ सप्टेंबरला ५१.८ अब्ज डॉलर मंजूर केले. बहुतांश रक्कम ‘फेमा’ या केंद्रीय आपत्ती यंत्रणेच्या हाती गेली. १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्यानुसार सार्वजनिक इमारती व रस्त्यांच्या दुरुस्तीचा किमान ७५ टक्के भार केंद्र उचलते आणि उरलेला स्थानिक शासनावर पडतो. येथे केंद्राचा वाटा आधी ९० टक्के झाला. पण करच गोळा होत नसलेल्या गावांनी १० टक्के तरी कोठून आणायचे? ती अट सुटायला २००७ चा मे उजाडला. दरम्यान फेमाने विकत घेतलेली हजारो फिरती घरे आर्कान्सा राज्यातील होप येथे रिकामी उभी होती, कारण पूररेषेत ती ठेवायला फेमाचाच नियम आड येत होता.

खरी भांडणे झाली ती पंचनाम्यावरून, म्हणजे नुकसान मोजायचे कसे यावरून. न्यू ऑर्लिन्सच्या ‘चॅरिटी’ या सरकारी रुग्णालयासाठी फेमा सुमारे १५ कोटी डॉलर द्यायला तयार होती, तर राज्याची मागणी ४९ कोटींची होती. २०१० मध्ये लवादाने जवळजवळ राज्याच्याच बाजूने, ४७.४८ कोटींचा निवाडा दिला. जुनी इमारत बंदच राहिली आणि रक्कम नव्या रुग्णालयाकडे वळली.

घरमालकांसाठी लुइझियानाने केंद्राच्या पैशातून ‘रोड होम’ योजना राबवली. अनुदानाची कमाल मर्यादा दीड लाख डॉलर होती. दुरुस्तीचा खर्च आणि वादळापूर्वीची घराची किंमत यांपैकी कमी असेल तो आकडा धरला जाई. नियम दिसायला सरळ होता. पण कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत घरांच्या किमती कमी होत्या, विटा आणि गवंडी मात्र सगळीकडे त्याच भावाने मिळत. त्यामुळे सारख्याच पडझडीसाठी तेथील मालकांना कमी पैसे मिळाले. हा भेदभाव आहे, असा दावा २००८ मध्ये न्यायालयात दाखल झाला. २०११ च्या तडजोडीत सुमारे ६.२ कोटी डॉलर जादा द्यायचे ठरले.

राष्ट्रीय पूरविमा योजनेने १६ अब्ज डॉलरहून अधिक दावे चुकते केले. विम्याच्या हप्त्यांतून एवढी रक्कम उभी राहणे शक्यच नव्हते, म्हणून तिने तिजोरीतून कर्ज काढले. २०१७ मध्ये हार्वे वादळानंतर काँग्रेसने योजनेचे १६ अब्जांचे कर्ज माफ केले.

बांधांची हकिगत सर्वांत बोलकी आहे. ते बांधणाऱ्या लष्करी अभियंता दलाने २००६ मध्ये स्वतःच्याच अहवालात आराखड्यातील दोष मान्य केले. तरीही बांध फुटल्याबद्दलची भरपाई केंद्राकडून कोणाला मिळाली नाही. पूरनियंत्रणाच्या कामांतून होणाऱ्या हानीची जबाबदारी १९२८ चा कायदा केंद्रावर येऊ देत नाही, म्हणून न्यायालयाने २००८ मध्ये हे दावे फेटाळले. लोकांना जे मिळाले ते ‘मदत’ या नावाने. त्याच दलाला मग नवी संरक्षण व्यवस्था उभारायला सुमारे १४.५ अब्ज डॉलर मिळाले. बोर्न सरोवराजवळची सुमारे तीन किलोमीटर लांबीची भिंत तिचाच भाग आहे.

२९ ऑगस्ट २०२१ रोजी, बरोबर १६ वर्षांनी, आयडा वादळ आले. शहराची वीज गेली, पण बांध टिकले. पश्चिमेकडचे लाप्लास या व्यवस्थेच्या बाहेर होते. तेथे घरांत पाणी शिरले.