मेसेज क्यूमधील अक्षरसंकेतांचे बिघाड

एका प्रणालीने मेसेज क्यूमध्ये, म्हणजे प्रणालींमधले निरोप पोहोचेपर्यंत जपून ठेवणाऱ्या रांगेत, टाकलेला मजकूर दुसऱ्या प्रणालीला मिळताना, किंवा प्रशासकाच्या पडद्यावर दिसताना, वेगळ्याच चिन्हांत दिसणे म्हणजे अक्षरसंकेताचा बिघाड. क्यू स्वतः अक्षरे वाहत नाही, बाइट वाहते. ते बाइट कोणत्या अक्षरसंचात वाचायचे हे सोबतच्या लेबलवरून ठरते. लेबल चुकीचे असेल, कोणी ते वाचतच नसेल किंवा मधल्या टप्प्यावर नको तिथे रूपांतर झाले असेल, तर मजकूर बिघडतो. त्यामुळे तपासाची सुरुवात सेटिंग बदलून न करता बाइट पाहून करावी.

आयबीएम एमक्यू हे मेसेज क्यूचे सॉफ्टवेअर याचे सर्वांत बोलके उदाहरण. १९९३ साली ते एमक्यूसिरीज म्हणून आले, २००२ मध्ये वेबस्फिअर एमक्यू झाले आणि २०१४ पासून आजच्या नावाने ओळखले जाते. मेनफ्रेम (आयबीएमची मोठी मध्यवर्ती संगणकयंत्रे), युनिक्स आणि विंडोज यांच्यात निरोपांची ने-आण करणे हे त्याचे मुख्य काम, आणि या यंत्रांची अक्षरे साठवण्याची रीतच निराळी. मेनफ्रेमवरच्या एबसिडिक या अक्षरसंकेतात इंग्रजी मोठे ए म्हणजे हेक्स (सोळा-आधारी अंकांत) सी१, तर इतर यंत्रांवरच्या आस्की या संकेतात तेच ४१. एबसिडिकची मोकळी जागा ४० असते आणि आस्कीत ४० म्हणजे ॲट चिन्ह. म्हणून मजकुरात शब्दाशब्दांमध्ये ॲट चिन्हांच्या रांगा दिसल्या, की मेनफ्रेमचा निरोप रूपांतर न होता आला आहे हे अनुभवी प्रशासक नजरेनेच ओळखतो.

प्रत्येक निरोपाला एमक्यूएमडी नावाचे शीर्ष असते. त्यातले तीन रकाने इथे महत्त्वाचे आहेत. कोडेड कॅरेक्टर सेट आयडी, म्हणजेच सीसीएसआयडी, हा अक्षरसंचाचा क्रमांक: १२०८ म्हणजे यूटीएफ-८ (देवनागरीसह सर्व लिपी साठवणारी युनिकोडची रीत), ८१९ म्हणजे आयएसओ ८८५९-१ (फक्त लॅटिन लिपीचा संच), ३७ आणि ५०० ही एबसिडिकची रूपे. दुसरा रकाना एन्कोडिंग. नावामुळे इथे हमखास फसगत होते, कारण त्याचा संबंध अक्षरांशी नसून संख्यांमधील बाइटांच्या क्रमाशी आहे. इंटेल यंत्रांवर त्याचे मूल्य ५४६, एआयएक्सवर (आयबीएमच्या युनिक्सवर) २७३ आणि मेनफ्रेमवर ७८५ असते. मराठी मजकूर बिघडला म्हणून ५४६ बदलत बसणे व्यर्थ आहे. तिसरा रकाना फॉरमॅट. साध्या मजकुरासाठी तिथे एमक्यूएसटीआर हवे. तो रकाना कोरा असेल तर मागणी करूनही रूपांतर होत नाही आणि घेणाऱ्या प्रोग्रॅमला २११० हा कारण-क्रमांक मिळतो. २१११ आणि २११५ हे अनुक्रमे मूळ आणि लक्ष्य अक्षरसंचाविषयीची तक्रार सांगतात, तर २१२० म्हणजे रूपांतरानंतर निरोप घेणाऱ्याने राखलेल्या जागेत (बफरमध्ये) मावला नाही.

मात्र सर्वांत त्रासदायक बिघाडात कोणताही क्रमांक येत नाही. समजा पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने मजकूर यूटीएफ-८ मध्ये तयार केला, पण सीसीएसआयडी क्यू मॅनेजरच्या, म्हणजे क्यू सांभाळणाऱ्या एमक्यू सेवेच्या, मूळ सेटिंगवर सोडला आणि तिथे ८१९ आहे. आता बाइट १२०८ चे आणि लेबल ८१९ चे. घेणाऱ्याने १२०८ मध्ये रूपांतर मागितले, की एमक्यू लेबलवर विश्वास ठेवून आधीच यूटीएफ-८ असलेल्या बाइटांना पुन्हा एकदा यूटीएफ-८ करते. एमक्यूच्या दृष्टीने सगळे सुरळीत पार पडलेले असते.

‘पुणे’ हा शब्द घेऊ. यूटीएफ-८ मध्ये त्याचे बारा बाइट होतात: ई० ए४ एए, ई० ए५ ८१, ई० ए४ ए३, ई० ए५ ८७. एमक्यूसोबत येणाऱ्या एएमक्यूएसबीसीजी या नमुना प्रोग्रॅमने क्यू चाळली, तर डावीकडे हे बाइट आणि उजवीकडे फक्त टिंबे दिसतात. ती टिंबे पाहून नवखा माणूस घाबरतो, पण त्यांचा अर्थ इतकाच, की आस्कीबाहेरचा बाइट तिथे छापता येत नाही. डावीकडे ई० ए४ आणि ई० ए५ यांची लय असेल तर मजकूर शाबूत आहे आणि दोष दाखवणाऱ्या पडद्याचा किंवा लेबलचा आहे. सी३ ए० सी२ ए४ असे दिसले तर दुहेरी रूपांतर झाले आहे. आणि ३एफ ३एफ ३एफ ३एफ दिसले, तर ती खरोखरीची प्रश्नचिन्हे आहेत: देवनागरी नसलेल्या अक्षरसंचात कोणीतरी मजकूर कोंबला आणि मूळ अक्षरे गेली. ती कोणत्याही सेटिंगने परत येत नाहीत; निरोप उगमापासून पुन्हा मागवावा लागतो. १ए किंवा ईएफ बीएफ बीडी या बदली चिन्हांचेही तेच.

दुहेरी रूपांतर उलटवता येते, पण मराठीच्या बाबतीत यात एक खाच आहे. मधला अक्षरसंच ८१९ असेल तर सर्व २५६ बाइटांना जागा असल्याने मजकूर पूर्ण परत मिळतो. तो विंडोज-१२५२ (विंडोजचा लॅटिन अक्षरसंच) असेल तर ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत, आणि जावा ही प्रोग्रॅमिंग भाषा तिथे बदली चिन्ह घालते. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१, हलन्ताचा ८डी, ए चा ८एफ, ऐ चा ९० आणि झ चा ९डी. म्हणजे सोडवलेल्या मजकुरात ‘महाराष्ट्र’मधले दोन्ही हलन्त जाऊन जोडाक्षर तुटते आणि ‘पुणे’चा उकार जातो, बाकी अक्षरे मात्र नीट दिसतात. अर्धवट बरा झालेला असा मजकूर डेटाबेसमध्ये शिरला की पुढे शोधून काढणे फार कठीण, म्हणून दुरुस्तीआधी मधला अक्षरसंच कोणता होता हे नक्की केलेच पाहिजे. जावाचा मूळ अक्षरसंच जेडीके १८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, सर्वत्र यूटीएफ-८ झाला. त्याआधी तो यंत्रावर अवलंबून होता. ‘माझ्या लॅपटॉपवर चालते, सर्व्हरवर नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा तिथेच सापडते.

काही वेळा निरोप ठीक असतो आणि प्रशासनाचे साधनच फसवते. विंडोजच्या कमांड खिडकीचे कोडपेज (तिचा अक्षरसंच) ४३७ किंवा ८५० असेल, तर अखंड देवनागरीही तिथे कचरा दिसते. क्यूच्या वर्णनाचा रकाना ६४ बाइटांचा आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेत असल्याने त्यात २१ चिन्हेच मावतात, आणि काना, मात्रा, हलन्त हेही त्यात वेगळे मोजले जातात. क्यू मॅनेजरचा सीसीएसआयडी बदलून तो पुन्हा सुरू केला, तरी क्यूत आधीपासून पडून असलेल्या निरोपांची लेबले बदलत नाहीत.

रॅबिटएमक्यू या दुसऱ्या मेसेज क्यू सॉफ्टवेअरचा मार्ग वेगळा आहे. ते निरोपाच्या गाभ्याचा अर्थ लावतच नाही. त्याच्या व्यवस्थापन पानावर निरोप मागवला, की बाइट वैध यूटीएफ-८ असल्यास मजकूर दिसतो, नसल्यास बेस६४ मधली, म्हणजे बाइट साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत लिहिलेली, लांबलचक माळ. ती पाहून निरोप कूटबद्ध केला आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात गाभा यूटीएफ-८ नाही, एवढीच ती खूण. अर्थात तो चित्र किंवा संकुचित फाइल असेल तर काही बिघडलेले नसते.

महाराष्ट्रातल्या जुन्या प्रणालींमध्ये आणखी एक प्रकार भेटतो. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर लॅटिन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवून साठवलेला असतो. असा निरोप क्यूतून एकही बाइट न बदलता जातो, सीसीएसआयडी बरोबर असतो, आणि तरीही घेणाऱ्याला निरर्थक लॅटिन अक्षरे दिसतात. इथे क्यू निर्दोष आहे. त्या विशिष्ट फॉन्टचा युनिकोड परिवर्तक निरोप पाठवण्याआधीच चालवावा लागतो.