‘ते त्यालाच विचारा’: गिटारवाल्या फॉरवर्डचा खुलासा

सोलापुरात पार्क चौकातल्या कट्ट्यावर रॉकचा विषय निघाला, की कुणीतरी मोबाईल पुढे करतोच, "काय बे, हे वाचलंस का?" मजकूर असा: जगातला सर्वोत्तम गिटारवादक असल्याचं कसं वाटतं, असं एका दिग्गजाला, बहुतेकदा अमेरिकन रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सला, विचारलं, तो म्हणाला, "मला काय ठाऊक? ते त्यालाच विचारा," आणि दुसऱ्याचं नाव घेतलं.

किस्सा गोड आहे, पटतोही. पण त्याला आधार सापडत नाही.

दोन-तीन फॉरवर्ड शेजारी ठेवून बघा. प्रश्न तोच, उत्तर तेच, फक्त दुसरं नाव बदलतं; काहींत तर पहिलंही. मग मुलाखत कुठली, तारीख कुठली, हे शोधा. "एका टीव्ही कार्यक्रमात" यापलीकडे काही मिळत नाही. तारखा तर सरळ बोलतात. उत्तर देणारा म्हणून ज्याचं नाव बहुतेकदा येतं, तो हेंड्रिक्स सप्टेंबर १९७० मध्ये वारला. एका आवृत्तीत त्याने गिटारवादक फिल केगीची स्तुती केली म्हणतात, पण केगीच्या ‘ग्लास हार्प’ या बँडचा पहिला अल्बम त्यानंतर रेकॉर्ड झाला. मग त्याने ऐकलं काय?

आदर मात्र खोटा नव्हता. जून १९६७ मध्ये हेंड्रिक्सने लंडनच्या मंचावर सुरुवातच बीटल्स या गाजलेल्या इंग्रज बँडच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या गाण्याने केली. ते गाणं असलेला अल्बम बाजारात येऊन जेमतेम काही दिवस झालेले, आणि त्या बँडमधले दोघे समोर प्रेक्षकांत! हे ते गाणं लिहिणाऱ्या बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने स्वतः नंतर मुलाखतींत सांगितलंय.